कब्रस्तानात पिंपळ नव्हता

"आकडा मांगू नका, ठाकूर. पयले गवंडी आना, चुना कालवून ठेवा, मंग मी इहिरीत उतरतो. गवंडी नाई त कुऱ्हाड नाई."

"अरे, गवंडी गेला कारंज्याले. त्याच्या सालीचं लगन हाये. पंधरा दिवसांनी येते. तवर तू पिंपळ त काप."

"नाई."

"कायले नाई?"

"पंधरा दिवसाचे दोन म्हयने होते, ठाकूर. दोन म्हयन्याचं वरीस होते."

बोलणारा कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. खड्डा कबरीचा. तेलीपुऱ्यातली अन्वरीबी पहाटे वारली होती, तिच्यासाठी जब्बार खोदत होता. काठावर जऊळक्याचा मदनसिंग उभा होता, हातात बैल हाकायची तुतारी, पायात नवा जोडा. त्याच्या विहिरीच्या भिंतीत पिंपळ उगवला होता, म्हणून तो भल्या सकाळी रेंगी जुंपून मंगरूळपीरला आला होता. वर आलेली माती जोड्यावर पडू नये म्हणून तो दर फावड्याला एक पाऊल मागं सरायचा आणि बोलायला पुन्हा पुढं यायचा.

"बरं, ते जाऊ दे," मदनसिंग म्हणाला. "एवढंच सांग. झाड कापून ठेवलं, त भित किती दिवस टिकन?"

जब्बारचं फावडं थांबलं. हाच सवाल दहा वर्षांमागं त्याला किन्हीराजात एकानं केला होता. तेव्हा त्यानं जवाब दिला होता.

जब्बारचा बाप कबरी खोदायचा, आजाही तेच करायचा. मानमोडीचा ताप आला त्या सालात जब्बार वीस वर्षांचा होता. बाप सकाळी खड्डा करायला गेला आणि त्या खड्ड्यातच थंडी वाजून बसला. तिसऱ्या दिवशी जब्बारनं त्याच्यासाठी खोदलं आणि त्याच दुपारी आणखी चार. पुढं दोन महिने तो खड्ड्यातच होता म्हणा. जेवायला वर यायचा. रडायला वेळ नव्हता आणि कोणी विचारतही नव्हतं, कारण ज्याच्या त्याच्या घरात एक खाट आडवी होतीच.

त्या दोन महिन्यांत त्यानं जमिनीखालचं जेवढं पाहिलं तेवढं शेतकरी जन्मात पाहत नाही. शेतकरी वीतभर नांगरतो आणि वर काय आलं ते मोजतो. जब्बार पुरुषभर खाली जायचा. तिथं झाडाची दुसरी बाजू असते. कब्रस्तानाला लागून एक वावर होतं, त्यातल्या पिकांची मुळं धुऱ्याचा बांध ओलांडून कबरीत डोकावायची. जवारीचं मूळ म्हणजे म्हाताऱ्याच्या दाढीसारखा झुबका, सारं हातभर मातीत पसरलेलं. मुख्य असं त्यात कोणी नाहीच. म्हणून ती वाऱ्याला डगमगते आणि मग खालच्या पेरातून आणखी मुळं बाहेर काढून जमिनीत टेकवते, तंबूच्या खुंट्या ठोकाव्या तशा. तुरीचं तसं नाही. तिचा एकच सोट सरळ खाली, पहारीसारखा, आणि त्याला बाजूनं बारीक बारीक फाटे. त्या फाट्यांवर मोहरीएवढ्या गाठी. जब्बार त्या नखानं फोडून पाहायचा, आत लालसर ओल निघायची. ती कशाची, हे त्याला ठाऊक नव्हतं; पण जिथं तुरीच्या मुळाला गाठी जास्त तिथं पुढच्या साली जवारी काळीभोर येते, एवढं त्यानं पाहून ठेवलं होतं. हरळीला तर तो मूळ मानायलाच तयार नव्हता. म्हणायचा, "जे पेरापेरातून फुटते ते मूळ नाई, ते जमिनीत लपलेलं खोड हाये. मुळाले पेर नसते, डोळा नसते."

आणि निंब. कब्रस्तानात सगळे निंबच. दर कबरीत निंबाचं एक तरी मूळ आडवं यायचं. मनगटाएवढं जाड मूळ कापलं तरी झाड हूं का चूं करत नाही, हे त्याला लवकरच कळलं. पण टोकाकडची केसांसारखी मुळं उखडली की आठ दिवसांत वरची एक फांदी पिवळी पडायची. तो सांगायचा, "जाड मूळ पानी पेत नाई. ते फकस्त वाहून नेते आन झाडाले धरून ठेवते. पेनारे ते केस. आन त्याच्याही पुढं, अगदी शेंड्याले, एक टोपी असते, सुईच्या अंगुस्तानावानी. ते टोपी दगड चाचपत पुढं जाते."

पिंपळाचं काम त्याच्याकडे आलं ते वेगळ्या कारणानं. कावळा बी खातो, विहिरीच्या काठावर बसून विष्ठा टाकतो, आणि दोन चिऱ्यांच्या फटीत पिंपळ उगवतो. आधी सुतासारखं मूळ फटीत शिरतं, भिंतीमागची ओल पितं, मग फुगतं. चिरे सरकतात. काढायचं तर हिंदू माणूस पिंपळाला कुऱ्हाड लावत नाही. मग मंगरूळपीरला निरोप जायचा.

"तुले काय, जब्बारभाई, तुले पाप लागत नाई," लोक म्हणायचे.

"पाप नाई लागत. मांड्या लागतात," तो म्हणायचा. दोराला लटकून दिवसभर कुऱ्हाड चालवणं सोपं नाही.

जोडीला असायचा फय्याज. हा त्याच्या बायकोचा, सरवरीचा, धाकटा भाऊ, धंद्यानं गवंडी. घरात त्यांची बोली वेगळी होती, ती इथं वऱ्हाडीतच सांगतो; कामावर मात्र दोघंही वऱ्हाडीच बोलायचे. रीत ठरलेली होती. सकाळी जब्बारनं झाड कापायचं, चिरे सोडवायचे, मूळ शेंड्यापर्यंत ओढून काढायचं. दुपारून फय्याजनं पोकळीत चुना-खडी भरून चिरे परत बसवायचे. सूर्य बुडायच्या आत भिंत बंद. वीस-बावीस विहिरी त्यांनी अशा केल्या. मूळ जितं असतानाच बाहेर यायचं. मेलेलं पिंपळाचं मूळ जब्बारनं कधी पाहिलं नव्हतं. एवढं ध्यानात असू द्या.

किन्हीराजाच्या पुंजाजीची विहीर मोटेची, वरची काळी माती चिऱ्यांनी बांधलेली, खाली मुरूम. पूर्वेच्या भिंतीतून मांडीएवढा पिंपळ बाहेर आलेला, आणि भिंतीला पोट सुटलेलं. चैत्रात एक चिरा निसटून विहिरीत पडला. पाणी शेंदायला आलेली पुंजाजीची सून विजयमाला दोन हातांवर होती. त्या दिवशी पुंजाजीनं माणूस धाडला.

जब्बार आणि फय्याज पोचले तेव्हा पुंजाजीची बायको गोजराबाई, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ बसली होती. तिनं त्यांना गूळ-पाणी दिलं आणि मग सांगितलं.

"कापा. सुनेवर गोटा पडता पडता राह्यला, मी आडवी येत नाई. पन कापून झालं की हात काढा. वरीस होईपर्यंत तिथला एक गोटा हालवाचा नाई."

"काहून, बाई?"

"घरचं मानूस गेलं त आपन वरीस पाळतो का नाई? हा वीतभर व्हता तवापासून मी याले पानी घातलं. माये दोन लेकरं मातीत गेले, तवा मी याच्याच खाली येऊन बसो. वर्षसराद करीन, मंग बलवा तुमच्या गवंड्याले."

जब्बारनं पुंजाजीकडं पाहिलं. पुंजाजीनं पागोट्याकडं हात नेला आणि खाली आणला.

"बाई, आयका," जब्बार म्हणाला. "झाडानं भित फोडली हे खरं. पन आता तेच झाड भितीले धरून हाये. मूळ चिऱ्याचिऱ्यातून गेलं, भाकरीवानी चपटं झालं. चुना कवाच मेला. तिथं आता चुन्याच्या जागी मूळ हाये. वरून कापलं की खालचं मरन. मेलं की सडन. सडलं की भित कशावर उभी राहीन?"

"मंग नका कापू," गोजराबाई म्हणाली.

"नाई कापलं त हेच फुगून अजून गोटे पाडन," पुंजाजी म्हणाला. मग तो जब्बारला बाजूला, चिंचेखाली घेऊन गेला. "हे आयकनार नाई. तिच्यासंगं तीस वर्सं काढले मी, मले ठाऊक हाये. तू खरं सांग. कापून ठेवलं, त किती दिवस टिकन?"

जब्बारनं विचार केला. खोटं सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. मागच्याच महिन्यात एका कबरीत त्याला निंबाचं मूळ लागलं होतं. झाड तोडून सात वर्षं झाली होती. मूळ जसंच्या तसं. कुऱ्हाड मारली तर टण्‌ वाजली, नाकात कडू वास आला. वाळवीनंही त्याला तोंड लावलं नव्हतं. त्याच्याआधी बाभळीचं एक लागलं होतं, तेही तसंच. मेलेलं मूळ म्हणजे काय, हे त्याला त्या निंब-बाभळींनीच शिकवलं होतं.

"दोन-तीन पावसाळे त काईच होत नाई," तो म्हणाला. "वरीसभर बेफिकीर राहा."

त्यानं पिंपळ कापला. खुंट पुन्हा फुटू नये म्हणून त्याला भोकं पाडून हिंग भरला, भिंतीबाहेरची मुळं पाण्यापर्यंत छाटली. गोजराबाईनं खुंटावर पांढरं फडकं बांधलं. फय्याज चुन्याच्या पोत्याला टेकून दिवसभर बसून होता. परतताना गाडीत म्हणाला, "दुल्हेभाई, आज आपुन अर्धी हजामत करून गिऱ्हाइकाले उठवलं."

"वरीसभरानं अर्धी करू," जब्बार म्हणाला.

त्या साली पाऊस फार झाला. भादव्यात पुंजाजीचा सालदार रामकिसन मंगरुळाच्या बाजारात भेटला. पान खाता खाता त्यानं सांगितलं, "जब्बारभाई, तुमच्या भितीले कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. फटीफटीतून. पांढऱ्या, तळव्याएवढ्या. पोरी भेतात पानी भराले."

"पाऊस किती हाये, रामकिसन. माया कबरींवर पन हायेत छत्र्या."

त्याच्या कबरींवर छत्र्या होत्या, हे खरं होतं. शेण पडलेल्या मातीत होत्या. चिऱ्यांच्या फटीत माती नसते, शेण नसतं. तिथं छत्री उगवली म्हणजे ती कोणाला तरी खाऊन उगवली. हे कोडं नव्हतं. कोणी त्याला दुसऱ्याच्या विहिरीचं म्हणून सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं ओळखलं असतं. पण एकदा तोंडातून आकडा गेला की माणूस त्या आकड्याच्या बाजूनंच पाहायला लागतो. रामकिसन बाजार करून गेला. जब्बारनं घरी हे कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

वैशाखात गोजराबाईनं वर्षश्राद्ध केलं, पाच सवाष्णी जेवू घातल्या आणि निरोप धाडला. फय्याज आणि जब्बार गेले. सकाळचा गारवा होता. फय्याजनं काठावर पालथं पडून भिंत पाहिली. पोट होतं तेवढंच होतं, वाढलेलं दिसत नव्हतं.

"दुल्हेभाई, टेकू लावू का? समोरून दोन बल्ल्या आडव्या ठोकतो. रामकिसनले लाकडं आनाले सांगा. दुपार होईन, पन बरं राहीन."

"टेकू कायले? मूळ आत हाये तवर भित हालत नाई. सात वर्साचं मूळ पाह्यलं मी. कुऱ्हाड वाजते त्याच्यावर."

"नक्की?"

"आज झाड त नाई. आधी तू चिरे काढ, मंग मी उतरून मूळ कापतो."

फय्याज झोळीत बसला. दोर जब्बार आणि रामकिसनच्या हातात. पुंजाजी बैलांपाशी उभा. फय्याज पुरुषभर खाली गेला, छिन्नी लावली आणि पहिला चिरा हातानंच निघाला. त्यानं त्यात हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत काळपट भुगा होता, ओल्या तंबाखूसारखा.

"दुल्हेभाई," तो खालून म्हणाला. आवाज साधाच होता, जरा नवल वाटल्यासारखा. "याच्यात मूळच नाई. नुसती साल हाये. आत भुगा हाये."

जब्बारला तेव्हा सगळं एकदम कळलं. छत्र्यासुद्धा कळल्या.

"वर घे त्याले," तो रामकिसनला म्हणाला, आणि दोघांनी ओढलं. हातभर ओढलं असेल. पूर्वेची भिंत खालून वाकली, मधून उघडली आणि सगळीच्या सगळी आत गेली. दोर जब्बारच्या तळव्यांची कातडी घेऊन गेला.

फय्याजला बाहेर काढायला दुपार झाली. गावातले पंधरा-वीस जण उतरले, कोणी मागं राहिलं नाही, हे सांगायला हवं. चिऱ्यांबरोबर मुळाचे तुकडे वर येत होते. वरची साल शाबूत, नळीसारखी. आत बोट घातलं की पीठ. ती नळी वर्षभर भिंतीला नुसती टेकून उभी होती.

विहिरीवर लोक जमले ते हळूहळू बोलायला लागले. पिंपळानं नेला. वरीस सरलं आणि त्यानं आपला माणूस घेतला. गोजराबाई एका बाजूला तोंडावर पदर घेऊन बसली होती आणि मान हलवत होती. पुंजाजी जब्बारजवळ आला. त्याच्या मनात माया होती, त्यातलं काही खोटं नव्हतं.

"जब्बारभाई, तुयी चूक नाई. त्या झाडाचा कोप हाये. देवाच्या झाडापुढं मानसाचं काय चालते?"

जब्बारच्या तळव्यांना कोणीतरी हळद लावून चिंधी बांधली होती. तो त्या चिंधीकडं पाहत होता.

"झाडाचं नाव घेऊ नका, पुंजाजीभाऊ. झाड मेलं व्हतं. मेलेलं कोप करत नाई. निंबाच्या मुळावरून मी पिंपळाचं सांगतलं. निंब कडू असते, त्याले किडा लागत नाई. पिंपळ नरम. एका पावसात गेला. मले ठाऊक नव्हतं आन मी ठाऊक असल्यावानी बोललो."

"असं बोलू नको लोकाईपुढं."

"मंग कोनापुढं बोलू?"

गाडी मंगरुळाला पोचली. मयत अंगणात ठेवली. बाया आत ओरडत होत्या. सरवरी बाहेर आली, तिचे डोळे कोरडे होते. भावाला तिनंच वाढवलं होतं. तो चार वर्षांचा असताना आई गेली.

"त्यानं टेकू मांगतला व्हता का?" तिनं विचारलं. हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. बहुधा रामकिसननं.

"हो."

"तू काय मनलं?"

"गरज नाई मनलं."

ती आत गेली. त्यानंतर तिनं त्याला रोज भाकर वाढली, कपडे धुतले, तापात पाय चेपले. पण विचारलं कधी काही नाही. मीठ कमी आहे का, एवढंही नाही.

कबर खोदायला मोहल्ल्यातले दोघं-तिघं पुढं झाले. जब्बारनं त्यांना बसवलं. चिंधी बांधलेल्या हातांनी त्यानंच खोदली. छातीइतकं गेल्यावर निंबाचं मूळ आडवं आलं, जुनं, मेलेलं, तोडलेल्या झाडाचं. त्यानं कुऱ्हाड मारली. टण्‌ वाजली. दुसऱ्यांदा मारायला त्याला थोडा वेळ लागला.

पुढं त्यानं एक केलं. पुंजाजीच्या वावरातल्या दुसऱ्या एका पिंपळाचं जितं मूळ, मनगटाएवढं, त्यानं मागून आणलं आणि कब्रस्तानाच्या कोपऱ्यात निंबाच्या तेवढ्याच मुळाशेजारी पुरलं. पावसाळा गेल्यावर उकरलं. निंब होता तसा होता. पिंपळाची साल हातात आली. पुन्हा नवं पुरलं, पुढच्या साली पुन्हा उकरलं. चार वर्षं त्यानं हे केलं. लोकांना वाटलं, त्याचं डोकं फिरलं. त्याचं डोकं ठिकाणावर होतं. त्याला फक्त तेव्हा जे माहीत असायला हवं होतं ते माहीत करून घ्यायचं होतं, आणि आता त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

पिंपळाची कामं त्यानं सोडली नाहीत. सोडली तर लोक दुसऱ्या कोणाला बोलावतील आणि तो दुसरा आकडा सांगेल. मात्र गवंडी उभा असल्याशिवाय तो कोणाच्या विहिरीत उतरला नाही.

हे सगळं त्यानं मदनसिंगला सांगितलं असं नाही. चार वाक्यांत सांगितलं. माया साला व्हता, भितीखाली गेला, आकडा मी देला व्हता, म्हणून आता देत नाई.

मदनसिंगनं तुतारीनं जोड्यावरची माती काढली.

"पन जाणकार मानूस तू. अंदाज त असनच."

"अंदाजच व्हता तो."

"मालेगावले एक हाये म्हनतात, काप म्हनलं की कापते. त्यालेच बलवतो मग."

"बलवा. पन कापल्यावर त्या बाजूनं कोनाले पानी शेंदू देऊ नका. तुमच्या घरी पानी कोन भरते?"

मदनसिंगनं तुतारी काखेत घेतली. त्याची नजर एकदा जब्बारच्या तळव्यांवर गेली. दोन्ही तळवे मधोमध गुळगुळीत होते, तिथं रेषा नव्हत्या.

"पाहतो," तो म्हणाला, आणि फाटकाकडं गेला. रेंगीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज जऊळक्याच्या वाटेला लागला. त्यानं काय पाहिलं, कोणाला बोलावलं, ते जब्बारला कळायला मार्ग नव्हता.

खड्ड्याच्या बाजूच्या मातीतून निंबाचं एक जितं मूळ बाहेर आलं होतं, करंगळीएवढं, टोकाला ओले पांढरे केस. जब्बारनं ते फावड्याच्या कडेनं तोडलं आणि वर फेकलं. अजून दीड हात जायचं होतं. अन्वरीबीची मयत दुपारी जोहरच्या नमाजानंतर निघणार होती. त्यानं पायानं माती चाचपली आणि फावडं लावलं.